कारखान्याच्या दाराशी

माझा मामा अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या गेन्सव्हिल गावी राहतो. हे गाव स्वतःला जगाची पोल्ट्री-राजधानी म्हणवतं. निवृत्त होईपर्यंत मामा तिथल्या एका कोंबडी-कारखान्यात अन्नसुरक्षेचं काम पाहत होता. ताई परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकली आणि आता स्वीडनमध्ये पोल्ट्रीच्या शेडची तपासणी करते. कोंबडीच्या मांसातून माणसाला रोग होऊ नये यासाठीच दोघांची हयात गेली, तरी एकाला दुसऱ्याची पद्धत पटत नाही. यंदा दोघंही सांगलीला आमच्या घरी होती आणि जेवणं झाली की हाच विषय निघायचा. मी ऐकत होतो, मध्येमध्ये विचारत होतो, टिपून ठेवत होतो.

मुद्दा असा. अमेरिकेत कापलेली कोंबडी जंतुनाशक द्रावणातून काढली जाते. युरोपीय संघ असं मांस 1997 पासून आपल्या बाजारात येऊ देत नाही. तिकडच्या वर्तमानपत्रांनी या भांडणाला ‘क्लोरीनवाली कोंबडी’ असं नाव देऊन टाकलं आणि खरा प्रश्न त्या नावाखाली दडला.

मामा: आधी ते क्लोरीन डोक्यातून काढा. अमेरिकेतल्या नॅशनल चिकन कौन्सिलने 2019 मध्येच सांगितलं होतं की क्लोरीन वापरणारे कारखाने पाच टक्केसुद्धा उरलेले नाहीत. आता बहुतेक सगळीकडे पेरॲसिटिक ॲसिड आहे. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यापासून ते बनतं. जंतूचं आवरण जाळतं आणि काम झालं की त्याचं ॲसिटिक ॲसिड, पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं. क्लोरीनची अडचण अशी होती की पाण्यात रक्त, चरबी, मांसाचे कण असले की ते त्यांच्याशीच झुंजून संपायचं. जंतूंच्या वाट्याला काही उरायचंच नाही.

ताई: पण पाण्यात रक्त आणि चरबी येते कुठून, तेही सांग ना.

मामा: सांगतो. कोंबडी कापली की तिला गरम पाण्यातून काढतात, म्हणजे पिसं सैल होतात. मग रबरी बोटांची यंत्रं पिसं उपटतात. मग आतडी काढतात. एवढं झाल्यावर मांस अजून अंगाच्या उबेवरच असतं, ते लवकरात लवकर चार अंशांच्या आसपास आणावं लागतं. आमच्याकडे त्यासाठी बर्फगार पाण्याची लांबच लांब टाकी असते, तिला चिलर म्हणतात. एका टोकाने कोंबड्या आत जातात, दुसऱ्या टोकाने गार होऊन निघतात.

ताई: आणि हजारो कोंबड्या त्याच पाण्यात. दहा शेडमधल्या चांगल्या बॅचा आणि अकराव्या शेडमधली बाधित बॅच. तुझं रसायन पहिल्यांदा त्या पाण्यालाच जंतूंचं डबकं होण्यापासून वाचवतं. युरोपात बहुतेक ठिकाणी कोंबडी गार हवेत टांगून थंड करतात. पाणी सामायिक नाही, म्हणून रसायनाची तितकी गरजही नाही.

मामा: हवा जंतू मारत नाही, ताई. तुम्ही शेडमधून आलेले जंतू तसेच गिऱ्हाइकाच्या हातात देता. ब्रिटन युरोपीय संघात असताना, 2014-15 मध्ये, त्यांच्याच फूड स्टँडर्ड्स एजन्सीने दुकानातल्या ताज्या कोंबड्या तपासल्या. 73 टक्के कोंबड्यांवर कॅम्पिलोबॅक्टर सापडला. 19 टक्क्यांवर तर दर ग्रॅमला हजाराहून जास्त.

इथे ताई थोडी थांबली. हा आकडा तिला ठाऊक होता आणि तो तिला आवडत नव्हता. कॅम्पिलोबॅक्टर हा कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहणारा जंतू. कोंबडीला त्याचा काही त्रास नाही, माणसाला मात्र ताप, पोटात पिळे आणि रक्ताचे जुलाब. क्वचित कुणाला त्यानंतर हातापायांची ताकद घालवणारा गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकारही होतो. 1981 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने असे केवळ 500 जंतू दुधात घालून स्वतः पिऊन पाहिले आणि तो आजारी पडला. युरोपात प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या आजारांत 2005 पासून याचीच नोंद सगळ्यात जास्त होते.

ताई: मान्य. साल्मोनेला या दुसऱ्या जंतूवर आम्ही जे करून दाखवलं ते कॅम्पिलोबॅक्टरवर जमलेलं नाही. पण म्हणून शेवटी ॲसिडचा फवारा हे उत्तर होत नाही. कातडीकडे बघ. पिसं उपटली की प्रत्येक पिसाच्या जागी एक खोल भोक राहतं. गरम पाण्यात ती भोकं सैलावतात, गार पाण्यात आक्रसतात. जंतू आत, द्रावण बाहेर. पृष्ठभागावरचे मरतात, आतले राहतात. आणि मग तीच कोंबडी तंगड्या, छाती, पंख अशी कापली जाते, खिमा होतो, तेव्हा आतलं सगळं बाहेर येतं.

मामा: हे आम्हाला कळत नाही असं समजू नकोस. अमेरिकेच्या कृषी खात्याची मांस-तपासणी यंत्रणा आहे, एफएसआयएस. तिने साल्मोनेलासाठी घातलेल्या मर्यादांतच ते दिसतं. अख्ख्या कोंबडीला 9.8 टक्के नमुने, तुकड्यांना 15.4 टक्के, खिम्याला 25 टक्के. जितकं कापाल तितकी परवानगी सैल. म्हणून आता तुकड्यांनाही शेवटी पुन्हा एकदा बुडवून काढतात, जास्त तीव्र द्रावणात आणि थोडा वेळ.

ताई: आणि नमुना घेता तेव्हा ते द्रावण कोंबडीवरच असतं.

मला हा मुद्दा कळला नाही. मी विचारलं, आणि मामाने तो उलगडून सांगितला. मी इतकं ऐकलं त्यात मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मामा: तपासणी कशी करतात? कोंबडी पिशवीत घालायची, त्यात पोषक द्रव ओतायचा, हलवायची, आणि तो द्रव प्रयोगशाळेत पाठवायचा. आता कोंबडी ॲसिडातून नुकतीच निघालेली. तिच्या अंगावरून थेंब थेंब ॲसिड त्या पिशवीत उतरतं. प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात ते पिशवीतल्या जंतूंना मारतच राहतं. म्हणजे कोंबडीवर जंतू होते, पण अहवाल ‘नाही’ असा येणार. हे लक्षात आल्यावर जुलै 2016 पासून एफएसआयएसने तो द्रवच बदलला. त्यात थायोसल्फेट, लेसिथिन, खायचा सोडा अशी द्रव्यं घातली, जी उरलेलं जंतुनाशक निकामी करतात.

ताई: त्याआधीच्या वर्षांत जे आकडे खाली येत होते, त्यातले किती खरे?

मामा: काही खरे, काही पिशवीतले. कुठले कुठे ते आता कुणीच वेगळं करू शकत नाही.

मला वाटतं, या वादातली मेख इथे आहे. ज्या औषधाने जंतू मरतात त्याच औषधाने मोजमाप बिघडत असेल, तर कारखान्याला आपण किती स्वच्छ आहोत हे कळायचं साधनच उरत नाही. मामाचं मला कौतुक वाटलं की त्याने हे स्वतःच्या बाजूच्या विरुद्ध जातं हे माहीत असूनही सांगितलं. ताईने यापुढे साउदॅम्प्टन विद्यापीठाचा 2018 मधला अभ्यासही काढला. क्लोरीनचा मार खाल्लेले साल्मोनेला आणि लिस्टेरिया प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाहीत, म्हणून मेले असं वाटतं, पण ते जिवंत असतात आणि सूक्ष्म कृमींना आजारीही पाडतात. मामाने ताबडतोब हटकलं की तो अभ्यास कोंबडीवर नव्हता, पालकाच्या पानांवर होता. हरकत रास्त होती. पण तीच त्याच्या पुढच्या मुद्द्याला उपयोगी पडली.

मामा: आता पालकाचं निघालंच आहे म्हणून विचारतो. ब्रिटनमध्ये पाकीटबंद कोशिंबिरीची पानं क्लोरीनच्या पाण्यात धुतात, ते तुम्हाला चालतं. युरोपीय संघाने 2013 मध्ये गाईबैलांचं मांस लॅक्टिक ॲसिडने धुवायला परवानगी दिली. कोंबडीनेच काय पाप केलंय? तुमच्याच अन्नसुरक्षा संस्थेने, एफ्साने, 2005 मध्ये चार द्रव्यं तपासून सांगितलं की खाणाऱ्याच्या तब्येतीला धोका दिसत नाही. तरी डिसेंबर 2008 मध्ये तुमच्या कृषिमंत्र्यांनी परवानगीचा प्रस्ताव फेटाळला. तरी डिसेंबर 2008 मध्ये तुमच्या कृषिमंत्र्यांनी परवानगीचा प्रस्ताव फेटाळला. विज्ञान एकीकडे, मतदान दुसरीकडे.

ताई: ॲसिड विषारी आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. तो मुद्दा वर्तमानपत्रांचा. माझा मुद्दा वेगळा आहे. शेवटी धुवायची सोय असली की सुरुवातीला स्वच्छ राहायचं कारण उरत नाही. स्वीडनमध्ये हे कुणी पुस्तकात वाचून ठरवलेलं नाही. 1953 मध्ये आल्व्हेस्टा गावच्या एका कत्तलखान्यातून गेलेल्या मांसामुळे नऊ हजारांच्या आसपास लोकांना साल्मोनेला झाला, सुमारे नव्वद माणसं मेली. ते कोंबडीचं मांस नव्हतं, पण त्यानंतर देशाने ठरवलं की जंतू जनावरातच असता कामा नये. आज बॅचमध्ये साल्मोनेला सापडला तर ती बॅच मारली जाते. शेड धुऊन, निर्जंतुक करून, पुन्हा तपासून मगच नवी पिल्लं आत येतात. खाद्य उष्णतेने निर्जंतुक करतात, कारण जंतू बऱ्याचदा खाद्यातूनच येतो. नुकसानीचा काही भाग भरून मिळतो, म्हणून शेतकरी लपवत नाही.

मामा: तुम्ही वर्षाला दहा-अकरा कोटी कोंबड्या कापता. अमेरिका नऊशे कोटी. बाधित बॅच सापडली की मारा, असं जॉर्जियात सुरू केलं तर महिन्याभरात चिकनचा भाव गरिबाच्या हाताबाहेर जाईल. आमच्या गावात जे लोक लाइनवर उभे राहून कोंबडी कापतात, तेच ती विकत घेऊन खातात. त्यांच्या ताटातलं ते सगळ्यात स्वस्त मांस आहे.

ताई: त्या लाइनवरच्या लोकांचे डोळे कसे असतात, तेही सांग.

मामा: लाल. द्रावणाची वाफ हवेत राहिली, पंखे नीट नसले, की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, खोकला सुटतो. मी वायुवीजनासाठी भांडलोय. काही वेळा मिळालं, काही वेळा नाही. त्यात मी रसायनाची बाजू घेणार नाही.

मामा हे बोलला तेव्हा ताईने पुढचा प्रश्न विचारला नाही. मी मात्र विचारला: एवढं सगळं करून अमेरिकेत माणसं कमी आजारी पडतात का?

मामा: नाही. एफएसआयएसनेच लिहून ठेवलंय. 2017 ते 2021 या काळात कोंबडीच्या नमुन्यांतलं साल्मोनेलाचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं, पण माणसांच्या आजारात दिसण्याजोगी घट झाली नाही. तिकडच्या रोगनियंत्रण केंद्राचा, सीडीसीचा, अंदाज वर्षाला साडेतेरा लाख साल्मोनेला-रुग्णांचा आणि सव्वाचारशेच्या आसपास मृत्यूंचा. अन्नातून होणाऱ्या साल्मोनेलापैकी 23 टक्क्यांहून जास्त कोंबडी-टर्कीमुळे.

ताई: कारण तुमच्या मर्यादेत फक्त ‘आहे की नाही’ एवढंच मोजलं जातं. किती आहे आणि कुठल्या जातीचा आहे, हे नाही. केंटकी नावाचा साल्मोनेला तुमच्या कोंबड्यांवर भरपूर सापडतो, पण माणसाला क्वचितच आजारी पाडतो. एन्टेरिटायडिस, टायफीम्युरियम, इन्फन्टिस हे खरे घातक. केंटकी कमी झाला तरी तुमचा आकडा सुधारतो, दवाखान्यातली रांग तेवढीच राहते.

मामा: तेच. आणि कायदाही असा की नुसता साल्मोनेला सापडला म्हणून मांस थांबवता येत नाही. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने कृषिमंत्री बट्झ यांच्यावर खटला घातला होता, 1974 मध्ये निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की स्वयंपाक करणाऱ्यांना मांस नीट शिजवायची अक्कल असते, म्हणून कच्च्या मांसातला साल्मोनेला म्हणजे भेसळ नव्हे. पुढे 1994 मध्ये गोमांसाच्या खिम्यातल्या ई. कोलाय ओ157 ला मात्र भेसळ ठरवलं, लहान मुलं दगावल्यावर. बहुतेक कच्च्या कोंबडीच्या बाबतीत अजून तीच जुनी समजूत. 2013-14 मध्ये फॉस्टर फार्म्सच्या कोंबडीतून साल्मोनेला हायडेलबर्ग पसरला. 29 राज्यं आणि पोर्तो रिको मिळून 634 लोकांना बाधा झाल्याची नोंद आहे, काही जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे. साथ मार्च 2013 पासूनची, आणि माल परत बोलावला गेला तो जुलै 2014 मध्ये.

आई इतका वेळ भाजी निवडत ऐकत होती. तिने विचारलं की मग मी चिकन आणल्यावर नळाखाली धुते आणि हळद-मीठ लावून ठेवते, ते बरोबर का? या एका प्रश्नावर दोघांचं उत्तर एकच आलं. हळद-मीठ लाव, पण नळाखाली धुऊ नकोस. धार मांसावर आपटली की थेंब ओट्यावर, ताटांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. जंतू धुऊन जात नाहीत, पसरतात. रटरट उकळणाऱ्या रश्श्यात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर दोन्ही मरतात; घात होतो तो कच्च्या मांसाच्या हाताने चिरलेल्या कांद्यातून. आपल्याकडे बहुतेक कोंबडी गिऱ्हाइकासमोर कापली जाते आणि तासा-दोन तासांत चुलीवर जाते, त्यामुळे चिलर, ॲसिड, मुदतीची तारीख हे प्रश्न अजून आपल्या घरात पुरते शिरलेले नाहीत. पाकीटबंद चिकन जसं वाढतंय तसे ते शिरतील, आणि तेव्हा यातल्या कुठल्या देशाचं काय घ्यायचं हे आपल्याला ठरवावं लागेल.

आईने ओटा पुसायला घेतला आणि ताईने सोडून दिलेला धागा उचलला.

ताई: तू कॅम्पिलोबॅक्टर काढलास, तर मी सांगते तो रसायनाशिवाय कसा कमी होतो. डेन्मार्कमध्ये शेडच्या झरोक्यांना माशा अडवणाऱ्या बारीक जाळ्या लावून पाहिल्या. बाधित बॅचचं प्रमाण 51.4 टक्क्यांवरून 15.4 टक्क्यांवर आलं. नुसत्या जाळ्या. आइसलँडने 2000 पासून नियम केला की बॅच कत्तलीआधी बाधित निघाली तर ते मांस ताजं विकायचं नाही, गोठवूनच विकायचं. गोठवण्याने बरेचसे जंतू मरतात. एफ्साने 2011 मध्ये अंदाज मांडला की सगळं मांस दोन-तीन आठवडे गोठवलं तर माणसांचा धोका 90 टक्क्यांहून जास्त कमी होईल. गोठवलेल्या मांसाला भाव कमी, म्हणून आइसलँडचा शेतकरी आपली बॅच बाधित होऊ नये म्हणून धडपडतो.

मामा: आणि जिथे लोक ताजंच मागतात? तुमच्या स्टॉकहोममध्ये, लंडनमध्ये? ब्रिटनमध्ये तर 73 टक्के निघाले होते.

ताई: तिथे आम्ही अडतो. 2018 पासून युरोपीय संघाने कत्तलखान्यांना दर ग्रॅमला हजाराची मर्यादा घातली आहे, पण ती ओलांडली तर सुधारणा करा एवढंच. माल थांबत नाही.

मामा: मग तुमच्या कागदावर आणि आमच्या कागदावर फरक काय राहिला?

ताईने लगेच उत्तर दिलं नाही. मी मामाला विचारलं की त्याच्या कारखान्यात ट्रक आला तेव्हा त्यातली बॅच बाधित आहे का, हे त्याला आधी कळायचं का.

मामा: नाही. तसं कळावं अशी कायद्याची अटच नाही. एफएसआयएसचा अधिकार कारखान्याच्या दारापासून सुरू होतो. शेडमध्ये काय चाललंय हे तिला विचारता येत नाही. आणि गंमत बघ, आमच्याकडे पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, ट्रक कंपनीचा, कारखाना कंपनीचा. शेतकऱ्याची फक्त शेड आणि शेडचं कर्ज. एकाच मालकाच्या हातात सगळी साखळी आहे. अंडी घालणाऱ्या मूळ कोंबड्यांना लस टोचायची, कुठल्या शेडमध्ये घातक जात आहे ते शोधायचं, ती बॅच दिवसाच्या शेवटी कापायची म्हणजे बाकीच्यांना लागण होणार नाही, हे सगळं त्याला उद्या करता येईल. काही कंपन्या करतातही. पण सक्ती नसल्यामुळे जो करत नाही त्याचा माल स्वस्त पडतो.

ताई: 2022 मध्ये तुमच्याकडे असा प्रस्ताव आला होता ना?

मामा: ऑक्टोबर 2022 च्या आराखड्यात होतं. कोंबड्या कारखान्यात यायच्या आधी बॅच तपासायची. 2024 चा प्रत्यक्ष मसुदा आला तेव्हा ती अट गळली होती. तरी त्यात दर ग्रॅमला दहा ही मर्यादा आणि घातक जातींची नावं होती, म्हणजे मोजण्याची पद्धत तरी बदलणार होती. एप्रिल 2025 मध्ये तो मसुदाच मागे घेतला.

मला या दोघांच्या मधलं काही गोडसं उत्तर द्यायचं नाही. साल्मोनेलाच्या बाबतीत ताईचं बरोबर आहे असं मला ठामपणे वाटतं. कोंबडी कारखान्यात येण्याआधी बॅच तपासायला अमेरिकेला पैशाची नाही, एका कायद्याची गरज आहे, आणि तो कायदा न करण्याची किंमत लहान मुलं आणि म्हातारी माणसं दवाखान्यात मोजतात. पण कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत युरोपचा हट्ट मला पटत नाही. शेडमध्ये जंतू अडवता आला नाही, मांस गोठवायचं नाही, आणि शेवटी ॲसिडही नाही, तर मग गिऱ्हाइकाने काय करायचं? मी हे ताईला तसंच विचारलं.

ताई: बाधित म्हणून नोंदलेल्या बॅचसाठी, आणि फक्त त्याच बॅचसाठी, मी तुझं ॲसिड चालवून घेईन, मामा. अट अशी की ती नोंद कत्तलीच्या आधी झालेली असली पाहिजे आणि शेडच्या मालकाला भाव कमी मिळाला पाहिजे.

मामा: भाव कमी शेडच्या मालकाला? माझ्याकडे तो कर्जात बुडालेला शेतकरी आहे. पिल्लं आणि खाद्य ज्याचं, त्याला कमी मिळू दे.

ताई: चालेल. मग तपासणी कुणी करायची? कंपनीने की सरकारने?

मामा: सरकारने. कंपनीच्या पिशवीत काय उतरतं ते मी पाहिलंय.